पगार कुणाच्या पैशातून येतो?

माझ्या भाच्याला यंदा एका स्टार्टअपची ऑफर आली. पगार बरा होता आणि पत्राच्या शेवटी ईसॉपचा, म्हणजे कंपनीचे शेअर पुढे ठरलेल्या भावाने घेण्याच्या कर्मचाऱ्याच्या हक्काचा, भलामोठा आकडा होता. सही करण्याआधी त्याने ते पत्र मला पाठवलं. मावशी १९९९ साली कॅलिफोर्नियात एका डॉट-कॉममध्ये, म्हणजे इंटरनेटवर धंदा करणाऱ्या कंपनीत होती आणि ती कंपनी तिच्या डोळ्यांदेखत बुडाली, हे घरात सगळ्यांना ठाऊक आहे. त्याला जे सांगितलं तेच इथे लिहिते आहे, कारण असं पत्र हातात घेऊन बसलेली मुलं-मुली आज खूप आहेत.

वायटूकेच्या, म्हणजे २००० साल उजाडल्यावर जुने संगणक तारखा चुकवतील म्हणून करायच्या दुरुस्तीच्या कामासाठी मी १९९८ मध्ये कॅलिफोर्नियातल्या सनीव्हेलला गेले. वर्षभर कोबॉल या जुन्या संगणकभाषेतले प्रोग्राम तपासले. बाहेर मात्र वेगळंच वारं होतं. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये दग्लोब डॉट कॉम नावाच्या कंपनीचा ९ डॉलरला विकलेला शेअर पहिल्याच दिवशी ९७ पर्यंत जाऊन ६३.५० वर बंद झाला. पुढच्या वर्षी भारतातूनही तशाच बातम्या येऊ लागल्या. ऑक्टोबर १९९९ मध्ये सत्यम इन्फोवे ही इंटरनेट कंपनी नॅसडॅक या अमेरिकेतल्या शेअर बाजारात आली आणि महिन्याभरात तिने राजेश जैन यांची इंडियावर्ल्ड ही संकेतस्थळं चालवणारी कंपनी ४९९ कोटी रुपयांना घ्यायचं ठरवलं. सांगलीहून बाबांचा फोन आला, "पेपरात वाचलं. तुमच्या कंपनीचं कधी?" तोवर मीही नोकरी बदलून इंटरनेटवर घरगुती सामान विकणाऱ्या एका कंपनीत गेले होते.

माझ्याकडे ऑर्डर आणि डिलिव्हरीचा भाग होता. ग्राहकाकडून पोचवण्याचे किती घेतले आणि कुरिअरने आपल्याकडून किती घेतले, याचा रोज रात्री निघणारा रिपोर्ट मीच लिहिला होता. पहिल्या आठवड्यातच दिसलं की जड वस्तूंवर आम्ही ६ डॉलर घेत होतो आणि कुरिअरला २० च्या वर देत होतो. वस्तूवरचा नफा त्या खड्ड्यात जाऊन वर आणखी तोटा होत होता. म्हणजे ऑर्डर वाढल्या की तोटाही वाढणार. मी मॅनेजरला विचारलं. तो प्रामाणिक माणूस होता. म्हणाला, "आत्ता ग्राहक जोडायचे, नफ्याचं नंतर बघू." मला ते पटलं. सगळीकडे तेच बोललं जात होतं आणि मी पंचवीस वर्षांची होते.

मग माझा पगार कुठून येत होता? व्हेंचर कॅपिटल फंडातून, म्हणजे नव्या कंपन्यांत हिस्सा घेऊन पैसा लावणाऱ्या फंडातून. हे गणित नीट समजून घ्या. फंडवाल्यांचा पैसाही स्वतःचा नसतो. पेन्शन फंड, विद्यापीठांचे निधी आणि श्रीमंत घराणी तो साधारण दहा वर्षांसाठी देतात. मुदतीच्या आत तो वाढवून परत करायचा, तर कंपनी कुणाला तरी विकायला हवी किंवा शेअर बाजारात आणायला हवी. त्या काळी नफा नसलेली कंपनीही बाजारात विकली जात होती, म्हणून तोट्यातल्या कंपन्यांना पैसा मिळत गेला. या साखळीत शेवटी उभा होता तो पेपर वाचून शेअर घेणारा सामान्य माणूस. त्याने हात आखडता घेतला की आमच्यापर्यंतचं सगळं थांबणार होतं.

तो थांबला. १० मार्च २००० ला नॅसडॅकचा निर्देशांक ५,०४८ वर बंद झाला. १४ एप्रिलच्या शुक्रवारी एका दिवसात साडेनऊ टक्क्यांहून जास्त कोसळला. ऑक्टोबर २००२ पर्यंत तो १,११४ वर आला होता. आमची बाजारात यायची तयारी चालू होती, ती गुंडाळली गेली. त्यानंतर ऑफिसात कुणी काही बोललं नाही, पण मला कोडमध्ये एक बदल करायला सांगितला: पुरवठादारांचे पैसे तीस दिवसांऐवजी साठ दिवसांनी निघाले पाहिजेत. मी तो बदल तासाभरात केला. महिन्याभराने कुरिअर कंपनीने आगाऊ पैसे मागायला सुरुवात केली. रोख संपत आल्याची ही चिन्हं होती. आज असं काही दिसलं तर मी त्याच रात्री बायोडेटा काढून बसेन. तेव्हा कळलं नाही. जानेवारी २००१ मध्ये एका सकाळी सगळ्यांना खाली बोलावलं आणि दुपारपर्यंत आम्ही सामान घेऊन पार्किंगमध्ये उभे होतो. एच-वन-बी या नोकरीशी बांधलेल्या अमेरिकन व्हिसावर असलेल्यांना आज नोकरी गेल्यावर तिथे राहायला साठ दिवसांपर्यंत मुदत मिळते. ती सोय २०१७ ची. आमच्या वेळी नोकरीबरोबर पायाखालची जमीनच जायची.

आमच्यासारख्या कितीतरी होत्या. पेट्स डॉट कॉम फेब्रुवारी २००० मध्ये बाजारात आली आणि नोव्हेंबरमध्ये बंद पडली. किराणा घरपोच देणाऱ्या वेबव्हॅनने बाजारातून ३७ कोटी ५० लाख डॉलर उभे केले, पुरेसे ग्राहक मिळण्याआधीच मोठाली गोदामं बांधण्याचं एक अब्ज डॉलरचं कंत्राट दिलं, आणि जुलै २००१ मध्ये जवळजवळ दोन हजार माणसं घरी गेली. अॅमेझॉनचाही शेअर शंभराच्या वरून सहाच्या खाली घसरला होता. पण पडझडीच्या जेमतेम महिनाभर आधी त्यांनी युरोपात ६९ कोटी युरोचे रोखे विकून पैसा हाताशी ठेवला होता. २००१ च्या शेवटच्या तिमाहीत त्यांना पहिल्यांदा नफा झाला, तोवर तग धरता आला. कल्पना चांगली असून बुडालेल्या कंपन्या मी पाहिल्या आहेत. बँकेतली रोख संपली की कल्पना कितीही चांगली असो, कुणी थांबत नाही.

ऑप्शनबद्दल, म्हणजे ईसॉपमध्ये मिळणाऱ्या त्या शेअर घेण्याच्या हक्काबद्दल, जरा सविस्तर सांगते, कारण इथे शिकलेली माणसंही फसतात. आमच्या ओळखीतल्या एकाने मार्च २००० मध्ये ऑप्शन वापरून आपल्या कंपनीचे हजार शेअर १ डॉलरच्या भावाने घेतले, तेव्हा बाजारभाव ६१ होता. वर्षभर ठेवले तर कर कमी लागतो म्हणून त्याने ते विकले नाहीत. वर्ष संपेपर्यंत भाव २ डॉलर झाला. पण अमेरिकेच्या पर्यायी किमान कराच्या नियमाने कर लागला तो घेतल्या दिवशीच्या ६० हजारांच्या फरकावर, पंधरा हजार डॉलरच्या आसपास. हातात शेअर दोन हजारांचे. ३१ डिसेंबरच्या आत विकले असते तर हा कर टळला असता. हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. तीन वर्षं तो ते पैसे फेडत होता.

भारतातही ईसॉपचे शेअर घेता त्या दिवशी तुम्ही दिलेली किंमत आणि बाजारभाव यांतला फरक पगारासारखा धरला जातो आणि त्यावर कर लागतो, विकले नसले तरी. २०२० पासून ठरावीक पात्र स्टार्टअपना हा कर पुढे ढकलता येतो, पण तुमची कंपनी त्यात बसते का हे लेखी विचारा. नोकरी सोडल्यावर शेअर घ्यायला किती दिवस मिळतात, तेही विचारा. आणि कंपनी विकली गेली तर बहुतेक करारांत आधी गुंतवणूकदारांचे पैसे परत जातात, उरलं तर साध्या शेअरवाल्यांना मिळतं. म्हणून पेपरात कंपनीची किंमत वाचून त्याला आपल्या टक्क्यांनी गुणू नका.

भाच्याला मी दोन कामं लावली. कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर थोडं शुल्क भरून त्या कंपनीचा ताळेबंद काढायचा आणि ऑडिटरचा शेरा शेवटपर्यंत वाचायचा. कंपनी पुढे चालू राहील का याबद्दल ऑडिटरने शंका लिहिली असेल, तर ती तिथे सापडते. आणि एचआरला सरळ विचारायचं: बँकेत किती महिन्यांचा पैसा आहे, आणि एका ऑर्डरमागे तुम्हाला काय सुटतं? त्याला संकोच वाटला, पण त्याने विचारलं. संस्थापकाने स्वतः फोन करून चौदा महिने सांगितले. दुसऱ्या प्रश्नावर म्हणाला, पुण्यात सुटतं, बाकीच्या शहरांत अजून नाही.

तो रुजू झाला आहे. पहिल्या वर्षाच्या ईसॉपचा हिशोब जूनमध्ये होईल. तोवर पीएफ खरंच जमा होतो आहे ना, हे दर महिन्याला पासबुकात बघून तो मला कळवतो.