वकिलानं केस घालवली असं वाटतंय? मग अपिलात ते कसं मांडायचं

चुलतभावाला शिक्षा लागली त्या दिवशी कोर्टाबाहेर सगळ्या पाहुण्यांचं एकच चाललेलं, वकिलानं घालवली केस. मीपण तेच बडबडत होतो. नंतर अपिलाची धावपळ माझ्याच गळ्यात पडली तेव्हा कळलं की हे वाक्य नुसतं अपिलात लिहून काडीचा उपयोग नाही.

आधी मुदत बघा. मॅजिस्ट्रेटनं शिक्षा दिली असेल तर अपील सेशन्स कोर्टात, मुदत 30 दिवस. आपल्या कोल्हापूर शहरातली केस असेल तर कसबा बावड्यातल्या कोर्टात. सेशन्स जजनं दिली असेल तर हायकोर्टात, 60 दिवस (फाशी असेल तर 30च). आणि हायकोर्ट म्हणजे आता रात्रीची महालक्ष्मी एक्सप्रेस पकडून मुंबई नाही, 18 ऑगस्ट 2025 पासून सर्किट बेंच (हायकोर्टाचं मुंबईबाहेर बसणारं खंडपीठ) आपल्याकडं कोल्हापुरातच सुरू झालंय, सीपीआर दवाखान्याजवळच्या जुन्या कोर्टात. उशीर झाला तर विलंब माफीचा अर्ज करता येतो पण कारण पटण्यासारखं पाहिजे.

अपिलासोबत शिक्षा स्थगिती आणि जामिनाचा अर्ज लगेच टाकायचा. शिक्षा 3 वर्षांपर्यंतची असेल आणि माणूस जामिनावरच असेल तर निकाल देणारं कोर्टच अपील करेपर्यंतच्या वेळेपुरता जामीन देऊ शकतं, निकालाच्या दिवशीच मागा.

आता खरं काम. निकालपत्राची कॉपी कैदेची शिक्षा झालेल्याला फुकट मिळते, ती सगळेच घेतात. पण नक्कल विभागात अर्ज करून सगळ्या साक्षीदारांचे जबाब आणि रोजनामा (प्रत्येक तारखेला कोर्टात काय झालं त्याची नोंद) पण काढा, रोजनामा विसरू नका राव. आम्ही घरात जमिनीवर कागद पसरून पेन्सिल घेऊन बसलो, तर तीन तारखांना 'आरोपीचे वकील गैरहजर' आणि पंचाच्या जबाबाखाली एकच ओळ, 'उलटतपासणी नाही'. हे कोर्टाच्या स्वतःच्या रेकॉर्डवर आहे, तिथं कोण वाद घालणार? पाहुण्यांच्या शिव्यांपेक्षा ती एक ओळ भारी.

मग प्रत्येक चुकीपुढं लिहायचं, हे झालं असतं तर काय बदललं असतं. पंचाला काय विचारायला पाहिजे होतं, कुठला साक्षीदार आपल्या बाजूनं बोलावलाच नाही, कुठला कागद दाखल केला नाही. राहिलेला पुरावा अपिलात देता येतो, नव्या कायद्यात म्हणजे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत (बीएनएसएस) कलम 432 आहे, पण कोर्टाला गरज वाटली तरच. वकिलानं अमुक प्रश्न मुद्दाम विचारला नाही, ती त्याची चाल होती, असं निघालं तर मात्र मुद्दा पडतो. सुप्रीम कोर्टानं 2015 ला स्पष्ट सांगितलंय की नवा वकील जुन्याला नालायक म्हणतोय एवढ्यावर साक्षीदार परत बोलावता येत नाहीत.

याउलट मध्य प्रदेशातली अनोखीलाल केस बघा. सरकारी खर्चानं वकील दिला त्याच दिवशी चार्ज फ्रेम म्हणजे आरोप निश्चित, आणि पंधरवड्यात फाशी. 2019 ला सुप्रीम कोर्टानं ती शिक्षा रद्द केली आणि सांगितलं की फाशी-जन्मठेपेच्या केसमधे असा वकील किमान 10 वर्षं प्रॅक्टिसवाला पाहिजे, आणि तयारीला साधारण किमान 7 दिवस पाहिजेत. पण त्याला लगेच सोडलं नाही, खटला नव्यानं चालवायला सांगितला. म्हणजे हा मुद्दा जिंकला तरी परत पहिल्यापासून तारखा हे डोक्यात ठेवा, म्हणून पुरावाच कच्चा असेल तर तो मुद्दा आधी आणि वकिलाचा नंतर.

जुना वकील फी राहिली म्हणून फाईल अडवत असेल तर त्याला तसा हक्क नाही, सुप्रीम कोर्टाचा 2000 चा निकाल आहे. त्याच्याविरुद्ध बार कौन्सिलला तक्रार करता येते पण त्यानं शिक्षा हलत नाही, आणि ग्राहक कोर्टाचा रस्ता 2024 पासून बंदच आहे.

पैसे नसतील तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडं जा नाहीतर 15100 ला फोन करा. आत असलेल्या माणसाला उत्पन्न न बघता फुकट वकील मिळतो, कोल्हापूरच्या कळंबा जेलमधनं, जेलमार्फत पण अपील पाठवता येतं. आणि वकील मिळाला की पहिल्याच भेटीत तो पेन्सिलच्या खुणांचा रोजनामा त्याच्यापुढं ठेवा, चुलत्या-मामांना घरीच बसवा.