आगमनकाळात या चुका टाळा (मी सगळ्या करून बसले आहे)

नाताळच्या गोठ्यासाठी, म्हणजे येशूच्या जन्माच्या देखाव्यासाठी, नाचणी कधी पेरायची, हे माझ्या आईला कॅलेंडर न बघता कळायचं. वाटीत माती, वर नाचणी, पाण्याचा हबका, आणि नाताळच्या आदल्या दिवशी बोटभर उंचीचं हिरवंगार कुरण तयार. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी मी उत्साहाच्या भरात १ डिसेंबरलाच वाट्या भरल्या. २४ला गोठा मांडायला घेतला तर सगळं आडवं पडलेलं, बुडाशी पिवळं आणि कुबट वासाचं. शेवटी नवऱ्याने हिरवा कागद आणून पसरला आणि मेंढरं त्याच्यावर उभी केली.

दर रविवारी मी आमच्या धर्मग्रामातल्या (चर्चच्या हद्दीतल्या) मुलांना धर्मशिक्षण देते. आगमनकाळ, म्हणजे नाताळच्या आधीचा वाट बघण्याचा काळ, आला की मुलांपेक्षा त्यांच्या आयाच जास्त विचारतात: प्रार्थनेत मन का लागत नाही, नाताळ येतो आणि जातो तरी आत काहीच का हलत नाही? खाली लिहिलंय ते त्या गप्पांमधून आणि माझ्या स्वतःच्या फजितीतून आलेलं आहे.

सुरुवातच चुकते

आगमनकाळ १ डिसेंबरला सुरू होतो असं बहुतेकांना वाटतं. चॉकलेटच्या खिडक्यांचं कॅलेंडर तसं सांगतं म्हणून. प्रत्यक्षात तो ३० नोव्हेंबरच्या, म्हणजे संत आंद्रियाच्या सणाच्या, सगळ्यात जवळच्या रविवारी सुरू होतो. म्हणून तो कधी २८ दिवसांचा असतो, कधी फक्त २२. त्यात रविवार मात्र चारच, आणि दर रविवारी एक मेणबत्ती. २०२३ साली चौथा रविवार नेमका २४ डिसेंबरलाच आला. सकाळी चौथी मेणबत्ती पेटवली आणि रात्री नाताळची मिस्सा (चर्चमधली उपासना). त्या वर्षी "अजून एक आठवडा आहे" म्हणणाऱ्या सगळ्यांची तारांबळ उडाली. नोव्हेंबर संपत आला की पहिला रविवार कधी आहे ते बघून ठेवा, एवढंच.

वाट बघायच्या दिवसांतच सण उरकून टाकणं

खरं दुखणं हे आहे. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात ऑफिसात सांताक्लॉज, दुसऱ्या आठवड्यात सोसायटीत केक, तिसऱ्यात तीन ठिकाणी जेवणं. २५ तारीख उजाडेपर्यंत नाताळगीतांचा कंटाळा आलेला असतो आणि करंज्यांकडे बघवत नाही. आमच्या शेजारच्या काकू याच दिवसांत मार्गशीर्षातले गुरुवार करतात. दिवसभर उपास, संध्याकाळी पूजा, मग नैवेद्य, त्यानंतर घास. एकदा त्यांनी सहज विचारलं, "तुमचा उपास कधी असतो गं?" माझ्या हातात प्लम केकचा तुकडा होता.

वाट बघायला लावणं ही आपल्याकडची जुनी रीत आहे. फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज धर्मगुरूंचं ख्रिस्तपुराण, म्हणजे ओव्यांमधून सांगितलेली ख्रिस्तकथा, १६१६ साली गोव्यात राचोलला छापलं गेलं. अकरा हजारांच्या आसपास ओव्या आहेत त्यात. पण येशूचा जन्म लगेच येत नाही. अख्खं पहिलं पुराण जुन्या करारातल्या कथांचं, आणि जन्म येतो तो दुसऱ्या पुराणात. ऐकणाऱ्याला हजारो ओव्यांची वाट चालायला लावली आहे त्यांनी.

मग करायचं काय? पार्टीला जाऊ नका असं मी म्हणणार नाही, नोकरी करायची आहे आपल्याला. पण घरातली एखादी गोष्ट मुद्दाम मागे ठेवता येते. आमच्याकडे गोठा आधी मांडतो, पण गव्हाण रिकामी ठेवतो. बाळाची मूर्ती रुमालात गुंडाळून कपाटात असते, आणि मिस्सेहून परत आल्यावर घरातलं सगळ्यात लहान मूल ती ठेवतं. धाकटा तीन वर्षांचा असताना रोज संध्याकाळी कपाट उघडून "अजून झोपलाय का?" म्हणून बघायचा. वाट बघणं मी त्याच्याकडून शिकले.

जांभळा रंग बघून गोंधळणं

याच्या उलटी चूकही होते. फादरांच्या अंगावर जांभळा झगा दिसला की काही जण आगमनकाळालाच छोटा उपवासकाळ (ईस्टरच्या आधीचा, तोही जांभळ्याच रंगाचा) करून टाकतात. तोंड पाडून बसतात, मुलांचा टीव्ही बंद करतात. या काळात मिस्सेत 'ग्लोरिया' हे स्तुतिगीत म्हणत नाहीत हे खरं, पण 'आलेलूया'चा जयघोष चालू असतो. उपवासकाळात तोही थांबतो. हा फरक नीट ऐका. पश्चात्ताप इथेही आहे, पण तो पाहुणा यायच्या आधी घर झाडतो तसा. तिसऱ्या रविवारी तर गुलाबी मेणबत्ती लावून "आनंद करा" असंच सांगितलेलं आहे. केरळातल्या सिरियन ख्रिस्ती घरांमध्ये १ डिसेंबरपासून २५ दिवस मांस-मासे सोडतात. ती त्यांची सुंदर परंपरा आहे, जमत असेल तर जरूर करा. पण आपण वजन कमी करण्यासाठी सोडतोय की कुणाची वाट बघतोय म्हणून, हे स्वतःला विचारून घ्या.

हावरट संकल्प

बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानात २४ अध्याय आहेत, म्हणून रोज एक वाचा, २४ तारखेला पूर्ण, असा बेत दरवर्षी मोबाइलवर फिरतो. मी दोनदा घेतला आणि दोन्ही वेळा पाचव्या-सहाव्या दिवशी तुटला. शिवाय त्यात एक गंमत आहे: चोविसावा अध्याय पुनरुत्थानाचा आहे. म्हणजे घरात गोठा मांडायचा आणि वाचायचं रिकाम्या कबरेबद्दल!

त्यापेक्षा पहिल्याच अध्यायात मुक्काम करा. ८० ओळी आहेत, महिनाभर पुरतात. मला त्यातला जखऱ्या फार जवळचा वाटतो. म्हातारा याजक, आयुष्यभर मुलासाठी प्रार्थना केलेली. देवदूत येऊन सांगतो, ऐकली गेली तुझी प्रार्थना. आणि हा म्हणतो, कशावरून? प्रार्थना रोज करत होता, पण उत्तर यायची तयारीच नव्हती. त्याची वाचा जाते ती थेट मुलगा जन्मेपर्यंत. बारशाच्या दिवशी नातेवाईक नावावरून वाद घालतात तेव्हा तो पाटी मागवतो आणि लिहितो, याचं नाव योहान. तेवढ्यात वाचा परत येते, आणि पहिले शब्द निघतात ते देवाच्या स्तुतीचे.

प्रार्थनेत मन लागत नाही म्हणणाऱ्यांना मी हाच प्रसंग सांगते. मन लावायचा खटाटोप सोडा, आधी गप्प बसा. सकाळी कुकर लावला की तीन शिट्ट्या होईपर्यंत मी स्टुलावर बसते. फोन दुसऱ्या खोलीत. पहिले चार-पाच दिवस डोक्यात नुसती वाण्याची यादी चालते. ती चालू द्या. वैतागून उठलात तर मात्र दुसऱ्या दिवशी बसणं होत नाही, हा माझा अनुभव.

कन्फेशन (पापांची कबुली) शेवटच्या शनिवारी

रांग दारापर्यंत, मागे सजावटवाल्यांची शिडी, फादर दोन तासांपासून बसलेले, आणि आपण मनात गेल्या वर्षीचीच यादी घोळवतोय. दुसऱ्या आठवड्यात एखाद्या साध्या दिवशी जा. फादरांनाही बोलायला वेळ असतो.

योहानाचं अर्धंच ऐकणं

दुसऱ्या आणि तिसऱ्या रविवारच्या वाचनांत जखऱ्याचा हा मुलगा, बाप्तिस्मा देणारा योहान, येतो. "प्रभूचा मार्ग तयार करा" हे आपण फलकावर लिहितो, त्याचं गाणं करतो. पण लूकच्या तिसऱ्या अध्यायात लोक त्याला सरळ विचारतात, आम्ही नक्की काय करायचं? तेव्हा तो ध्यानाला बसा असं म्हणत नाही. दोन अंगरखे असतील तर एक ज्याला नाही त्याला दे. जकातदारांना सांगतो, ठरल्यापेक्षा जास्त घेऊ नका. शिपायांना सांगतो, धाकदपटशाने पैसे उकळू नका, पगारात भागवा. हिशेबाचीच भाषा आहे सगळी.

मी एकदा हा भाग मुलांना शिकवला, घरी आले, आणि लक्षात आलं की शिंप्याचे पैसे ऑक्टोबरपासून द्यायचे राहिलेत. तो बिचारा मागत नव्हता इतकंच. घरकामाला येणाऱ्या मावशींना नाताळची साडी द्यायचं मी ठरवलं होतं, पण त्यांच्या दोन खाड्यांचे पैसे कापलेलेही होते. साडीचं पाकीट कपाटात, जांभळ्या रिबिनीत, तयार. त्या दिवशी जी लाज वाटली तिने माझी जी तयारी झाली ती कुठल्या रिट्रीटमध्ये (प्रार्थना-शिबिरात) झाली नव्हती.

घराघरांतले अबोलेही इथेच येतात. आमच्याकडे बहुतेक भांडणं बांधावरची, विहिरीच्या पाण्याची, नाहीतर एखाद्या माडाची. माझ्या चुलतभावाशी आमचं चार वर्षं बोलणं नव्हतं. "मनातून माफ केलंय" असं मी कन्फेशनमध्ये सांगायचे. एका वर्षी फादर म्हणाले, "बरं, मग करंज्या पाठव." पाठवल्या. ताट धुऊन, रिकामंच परत आलं. पुढच्या वर्षी त्यात चार केळी होती. जमीन अजून कोर्टात आहे.

दुःख झाकून ठेवणं

ज्या घरातलं माणूस या वर्षी गेलंय, तिथे "आनंद करा" हे ऐकवत नाही. तुम्ही त्या घरात असाल तर जबरदस्तीने चांदणी टांगू नका. आगमनकाळाची पहिली वाचनं अंधारात चालणाऱ्या, बंदिवासात असलेल्या लोकांची आहेत, तुमच्यासाठीच आहेत. आणि तुम्ही शेजारी असाल तर फराळ नुसता पाठवू नका, घेऊन जा, आणि गेलेल्या माणसाचं नाव घेऊन बोला. लोक नेमकं तेच टाळतात.

१७ तारीख उजाडली आणि काहीच झालं नाही

हे सगळ्यात जास्त वेळा घडतं, आणि त्यावर इलाज आहे. १७ ते २३ डिसेंबर या सात संध्याकाळी चर्चच्या सायंप्रार्थनेत मरियेच्या स्तोत्राबरोबर सात जुन्या हाका गातात: हे प्रज्ञे, हे प्रभो, हे इशायाच्या मुळा, हे दाविदाच्या किल्ली, हे उगवत्या सूर्या, हे राष्ट्रांच्या राजा, हे इम्मानुएल. दरवेळी मागणं एकच, ये. लॅटिनमधल्या या नावांची आद्याक्षरं शेवटाकडून उलटी वाचली तर 'एरो क्रास' असे दोन शब्द होतात. अर्थ, 'उद्या मी असेन'.

दिवेलागणीला एक हाक म्हणायला अर्धं मिनिट लागतं. सातही जमल्या नाहीत तर जी सापडेल तिथून सुरू करा. नाचणी पेरायची राहिली असेल तर तीही अजून चालेल, जरा ठेंगणी राहील. आणि शिंप्याचे पैसे आजच देऊन या, तो आठ वाजता दुकान बंद करतो.