एसएसआयएस पॅकेज हलवताना आधी प्रोटेक्शन लेव्हल बघा
जुन्या एसक्यूएल सर्व्हरवरची एसएसआयएस (एसक्यूएल सर्व्हर इंटिग्रेशन सर्व्हिसेस, म्हणजे डेटा इकडून तिकडे नेणारं साधन) पॅकेजेस एसक्यूएल सर्व्हर 2022 वर न्यायची असतील, तर पॅकेज अपग्रेड विझार्ड बरंच काम उरकतो. मूळ फाइल्सचा बॅकअप घ्यायचा पर्याय त्यातच आहे. तो टिक केल्याशिवाय पुढे जाऊच नका.

पण विझार्ड पासवर्डचा प्रश्न सोडवत नाही, आणि रात्रीचे जॉब नेमके तिथेच पडतात. पॅकेजची प्रोटेक्शन लेव्हल, म्हणजे पासवर्डसारखी आतली गुप्त माहिती कशी जपायची याची सेटिंग, मुळात 'एन्क्रिप्ट सेन्सिटिव्ह विथ युजर की' असते. म्हणजे ज्याने पॅकेज सेव्ह केलं, त्याच्याच विंडोज लॉगिनला आतला पासवर्ड उलगडतो. त्याच्या मशीनवर सगळं सुरळीत चालतं, एसक्यूएल सर्व्हर एजंटच्या (ठरल्या वेळी जॉब चालवणाऱ्या सेवेच्या) खात्यावरून चालवलं की 'की नॉट व्हॅलिड फॉर यूज इन स्पेसिफाइड स्टेट' असा एरर येतो. मग लोक उगाच परवानग्या तपासत बसतात.

उपाय सोपा आहे. व्हिज्युअल स्टुडिओत प्रोजेक्ट आणि त्यातलं प्रत्येक पॅकेज, दोन्हीकडे 'डोंट सेव्ह सेन्सिटिव्ह' ठेवा. एकाकडे वेगळं राहिलं तर बिल्डच होत नाही. पासवर्ड सेन्सिटिव्ह पॅरामीटरमध्ये घ्या आणि त्याची व्हॅल्यू एसएसआयएसडीबीच्या (सर्व्हरवरच्या एसएसआयएस कॅटलॉग डेटाबेसच्या) एन्व्हायर्नमेंटमधून द्या.

कनेक्शनमध्ये नेटिव्ह क्लायंट हा जुना ड्रायव्हर असेल तर तोही बदला, 2022 सोबत तो येत नाही. एमएसओएलईडीबीएसक्यूएल हा मायक्रोसॉफ्टचा नवा ड्रायव्हर वापरा.

जुना जॉब लगेच बंद करू नका. काही दिवस दोन्ही चालवा आणि नुसत्या ओळी मोजू नका, रकमेच्या कॉलमची बेरीजही जुळवा. ओळी जुळूनही दशांश कापले गेलेले असू शकतात.