दासबोध वाचायला घेताय? मग या चुका टाळा

दासनवमी, म्हणजे समर्थ रामदासांची पुण्यतिथी, जवळ आली की साताऱ्यातल्या बऱ्याच घरांत त्यांचा दासबोध कपाटातून बाहेर निघतो. समर्थांची समाधी असलेल्या सज्जनगडावर माघ वद्य प्रतिपदेपासून उत्सव, मग आपणही नऊ दिवसांत पारायण उरकू, असं ठरतं. जरा हिशेब करा: ७७५१ ओव्या, म्हणजे रोज साडेआठशेच्या वर. जीभ पळते, डोकं मागे राहतं. पारायण जरूर करा, त्याने ओव्या तोंडात बसतात. फक्त त्याला अभ्यास म्हणू नका. अभ्यासाला रोज एक समास, म्हणजे एक प्रकरण, बास. सरासरी चाळीसेक ओव्यांचे २०० समास आहेत, साडेसहा महिन्यांत निवांत होतात.

याहून घातक म्हणजे सुटी ओवी उचलणं. ‘आधीं प्रपंच करावा नेटका’ एवढंच मोबाइलवर फिरतं आणि लोक परमार्थ रिटायरमेंटनंतरवर ढकलून मोकळे होतात. बाराव्या दशकाचा (दशक म्हणजे दहा समासांचा गट) पहिला समास उघडून बघा. त्याच ओवीत पुढे ‘येथें आळस करूं नका’ असं बजावलंय. दुसरीत सांगितलंय की प्रपंच सोडून परमार्थ कराल तर कष्टी व्हाल, दोन्ही चालवाल तर विवेकी. चौथीत तर परमार्थ सोडून नुसता प्रपंच करणाऱ्याला थेट यमयातना! पहिल्या ओवीत मिळाली असं वाटलेली सवलत तीन ओव्यांत रद्द. तेव्हा ओवी आवडली तर आधी अख्खा समास वाचा, स्टेटसला मग ठेवा.

दुसऱ्या दशकातला मूर्खलक्षणांचा समास सगळ्यांना आवडतो, कारण प्रत्येक ओळीला शेजारचा किंवा साहेब आठवतो. त्याच दशकाच्या शेवटी पढतमूर्खाची, म्हणजे शिकूनही मूर्ख राहिलेल्याची, लक्षणं आहेत. ती सहसा कुणी मोठ्याने वाचत नाही. ग्रंथ मुळापासून न पाहता त्याला नावं ठेवणाराही त्या यादीत आहे.

‘आम्ही नाम घेतो, ग्रंथ कशाला?’ हेही कानावर येतं. चौथ्या दशकात नवविधा, म्हणजे नऊ प्रकारची, भक्ती सांगितली आहे, तिथे नामस्मरण तिसरं आणि श्रवण पहिलं. आणि श्रवण म्हणजे मान डोलावणं नव्हे: सगळं ऐका, पण सार शोधून घ्या, असार टाकून द्या, असं समर्थ तिथेच सांगतात. निवड करायची तर समजायला हवं. म्हणून पहिल्यांदा सार्थ, म्हणजे अर्थासह छापलेली, प्रतच घ्या. नुसती मूळ पोथी घेतलेले बरेच जण मंगलाचरणातच थांबतात.

सार्थ प्रत घेऊनही बहुतेकांची गाडी सातव्या-आठव्या दशकात अडते. चौदा ब्रह्मे, माया, पंचमहाभूतं, सगळं एकदम अंगावर येतं. तिथे पुस्तक मिटू नका. खूण घालून ठेवा, बारावं आणि एकोणिसावं दशक वाचून घ्या, आणि मग पुन्हा सातव्यावर या. एखादी ओवी तरीही उलगडली नाही तर वहीत उतरवून ठेवा आणि पुढच्या निरूपणाला सांगणाऱ्या बुवांनाच विचारा. लाजू नका, अख्खा ग्रंथच श्रोत्यांच्या प्रश्नाने सुरू होतो.