कोंडा, चुनी, ढेप आणि टॅरिफ: कस्टम्सच्या कामात नव्याने येणाऱ्यांसाठी

सीएचएच्या (कस्टम हाउस एजंट, म्हणजे आयात-निर्यातीचं कस्टम्सचं काम करून देणारा) ऑफिसात नवीन लागलेल्या मुलांच्या हातात पहिल्या दिवशी टॅरिफचं, म्हणजे प्रत्येक मालाचा कोड आणि ड्युटी सांगणारं, जाडजूड पुस्तक ठेवतात. मी उलटं सांगतो. नागपुरात आहात ना, मग आधी कळमन्याकडची एखादी डाळ मिल बघून या. पुस्तक कुठे पळून जात नाही. धान्य-कडधान्याच्या उपपदार्थांचं क्लासिफिकेशन, म्हणजे त्यांचा कोड ठरवणं, यात शेवटी एकच प्रश्न असतो: हा माल कोणत्या टप्प्यावर, कोणत्या यंत्राखालून निघाला?

मिलमध्ये तूर आधी चाळली जाते. मग एमरीच्या (खरखरीत दगडाच्या) रोलवर तिच्या सालीला चरे पाडतात, तेलाचा हात लावतात, वाळवतात, पुन्हा रोलवर सोलतात आणि फोडून डाळ करतात. यंत्राखाली पोती वेगवेगळी लावलेली असतात. एकात हलकं टरफल. एकात चुनी, म्हणजे सालीचे तुकडे, डाळीची पूड, अंकुराचे कण असा सगळा मेळ. एकात खंडा, म्हणजे डाळीचे तुकडे. चुनी मूठभर घ्या आणि तळहातावर फुंकर मारा. साल उडून जाते, पिवळी पूड बोटांना चिकटून राहते. किती उडालं आणि किती राहिलं, हे एकदा डोळ्यांनी बघितलं की पुढे सॅम्पलची पिशवी उघडल्यावर माल कोणत्या बाजूचा आहे याचा अंदाज येतो.

आता पुस्तक उघडा. कोडचे पहिले दोन आकडे म्हणजे चॅप्टर, चार म्हणजे हेडिंग, सहा म्हणजे सबहेडिंग. अख्खी तूर, सोललेली तूर आणि डाळ, तिन्ही ०७१३ मध्ये. कडधान्याचं पीठ ११०६ मध्ये. टरफल आणि चुनी २३०२ मध्ये, म्हणजे कोंडा-साल अशा उरलेल्या मालाच्या हेडिंगमध्ये, सबहेडिंग २३०२ ५०. इथवर सोपं आहे. भांडण होतं ते खंड्यावरून. स्वच्छ, खाण्यालायक तुकडा असेल तर समोरचा अधिकारी त्याला डाळच म्हणणार, आणि त्याचं म्हणणं सहज खोडता येत नाही, कारण ०७१३ च्या शब्दांतच फोडलेलं कडधान्य येतं. कडधान्याच्या आयातीचे नियम सरकार सारखे बदलत असतं, त्यामुळे हा वाद नुसता कागदावरचा नाही, पैशाचा आहे. शिवाय कडधान्याला आकड्यांचा कुठलाच तक्ता नाही. प्रक्रिया काय झाली आणि मालात काय काय आहे, एवढ्यावरच तुम्हाला बाजू मांडायची असते.

गहू, मका, तांदळाला मात्र तक्ता आहे. चॅप्टर ११ ची नोट २ पाठच करा. दळणातून निघालेला माल चॅप्टर ११ मध्ये बसायचा तर स्टार्च ४५ टक्क्यांच्या वर हवा आणि राख (माल जाळल्यावर उरते ती) ठरलेल्या मर्यादेच्या आत हवी: गहू आणि राय २.५ टक्के, मका आणि ज्वारी २, तांदूळ १.६, बार्ली ३, ओट ५. दोन्ही अटी एकदम पुऱ्या व्हायला पाहिजेत. एक जरी हुकली तरी माल २३०२ मध्ये. अपवाद अंकुराचा. धान्याचा अंकुर अख्खा असो की दळलेला, तो ११०४ मध्येच जातो.

यात नवीन माणूस हमखास कुठे फसतो तेही सांगतो. हे आकडे कोरड्या मालावरचे आहेत. समजा, गव्हाच्या मालाच्या लॅब रिपोर्टमध्ये ओलावा १२ टक्के, स्टार्च ४१ आणि राख २.३ आहे, आणि हे आकडे आहे त्या मालावरचे आहेत. वरवर बघितलं तर स्टार्च कमी आणि राख मर्यादेत. आता दोन्ही आकड्यांना ०.८८ ने भागा. स्टार्च ४६.६ होतो, म्हणजे पास. राख २.६१ होते, म्हणजे नापास. माल दोन्ही हिशेबांनी २३०२ मध्येच गेला, पण पहिल्या हिशेबात कारण चुकीचं होतं, आणि क्वेरी आली की उत्तरात कारणच लिहावं लागतं. स्टार्च कोणत्या पद्धतीने मोजला तेही बघा. नोटमध्ये सुधारित एवर्स पोलरीमेट्रिक पद्धत लिहिलेली आहे.

आता शेजारची घरं. आपल्याकडे जनावराच्या खाद्याला सरसकट ढेप म्हणायची सवय आहे, टॅरिफला ती चालत नाही. सरकीची ढेप २३०६ मध्ये, सोयाबीनची डीओसी (तेल काढलेली ढेप) २३०४ मध्ये. गोंदिया-भंडाऱ्याकडच्या राइस मिलमधून निघणारा कोंडा २३०२ ४०, पण त्यातलं तेल काढून घेतलं की तोच माल डीओआरबी (डी-ऑइल्ड राइस ब्रॅन) होऊन २३०६ मध्ये जातो. मक्यापासून स्टार्च काढल्यावर उरणारं ग्लुटेन २३०३ मध्ये. ऑफिसातल्या जुन्या फायलीतून तांदळाच्या कोंड्याचा २३०२ २० हा कोड कोणी उचलून दिला तर घेऊ नका. तो सबहेडिंग २००७ च्या एचएसमध्येच (टॅरिफ ज्यावर बेतलंय त्या आंतरराष्ट्रीय कोडयादीत) रद्द झाला. माल पेलेटमध्ये आला म्हणूनही बिचकायचं नाही. दाबून किंवा वजनाच्या ३ टक्क्यांपर्यंत बाइंडर (चिकटवणारा पदार्थ) घालून केलेली पेलेट त्याच हेडिंगमध्ये राहते.

इन्व्हॉइसवर नुसतं ‘कॅटल फीड’ लिहिलेलं असलं की पुष्कळ जण सरळ २३०९, म्हणजे तयार पशुखाद्याचं हेडिंग, टाकून मोकळे होतात. गुरं खातात हे खरं, पण चॅप्टर २३ ची नोट १ वाचा. दुसरीकडे कुठे बसत नाही, आणि मूळ मालाचा गुणधर्म उरला नाही इतकी प्रक्रिया झालेली आहे, असा माल तिथे. आणि वनस्पतींचे अवशेष व उपपदार्थ त्यातूनही वगळले आहेत. नुसती चुनी तिथे जात नाही.

२०२० पासून असेसमेंट, म्हणजे कोड आणि ड्युटीची तपासणी, फेसलेस झाली. बिल ऑफ एंट्री (आयातीचा अर्ज) नागपूरच्या आयसीडीची (इनलँड कंटेनर डेपोची) असली तरी ती तपासणारा अधिकारी दुसऱ्याच शहरात बसलेला असू शकतो, आणि त्याने चुनी आयुष्यात बघितलेली नसेल. म्हणून वर्णनात कंजुषी नको. कोणतं कडधान्य, कोणत्या प्रक्रियेतून, साल आणि पूड किती, पेलेट की सुटा माल, सगळं लिहा. जीएसटीवाल्यांना आपले शब्द कळतात, हे मात्र मान्य करावं लागेल: १७ डिसेंबर २०२२ च्या ४८व्या जीएसटी कौन्सिलमध्ये चिलका (साल), चुनी-चुरी, खंडा ही नावं घेऊन दर शून्य केला होता. पण जीएसटीतल्या नावावरून कस्टम्सचं हेडिंग ठरत नाही.

कस्टम्सचं काम करायला लागणाऱ्या कार्डांचं थोडक्यात: एच कार्डावर सुरुवात करायला बारावी पुरते, जी कार्डाला परीक्षा असते, आणि स्वतःचं लायसन्स हवं असेल तर पदवीसह ठरलेली पात्रता आणि कस्टम्स ब्रोकर लायसन्सिंग नियमांतल्या रेग्युलेशन ६ ची लेखी-तोंडी परीक्षा. धान्याच्या फायली कंटाळवाण्या वाटतात म्हणून मुलं यंत्रसामग्रीच्या फायलींच्या मागे लागतात. माझ्या मते चॅप्टर ११ आणि २३ वर जो नोट वाचायला शिकला, त्याला चॅप्टर ८४ जड जात नाही.

आणि पार्टी (आयातदार) नियमित माल आणणार असेल, रक्कम मोठी असेल, तर कंटेनर निघण्याआधीच मुंबईच्या ॲडव्हान्स रुलिंग प्राधिकरणाकडे (कोडवर आगाऊ निर्णय देतात तिथे) अर्ज करायला सांगा. २०११ पासून पहिली असेसमेंट आयातदारानेच करायची आहे, त्यामुळे कोड चुकला तर नोटीस त्याच्या नावाने येते आणि फोन तुम्हाला. ज्यांना एवढं करायचं नाही त्यांच्यासाठी सप्लायरला एक मेल तरी टाका: प्रक्रियेचा फ्लो चार्ट, तेल काढलंय की नाही, बाइंडर किती, रिपोर्ट कोरड्या मालावरचा आहे का, आणि पोत्यातल्या मालाचा हातावर घेतलेला फोटो. शेवटच्या दोन गोष्टी सप्लायर हमखास विसरतो, तेव्हा दुसरा मेलही तयार ठेवा.