पावनखिंडीच्या वाटेवर धुक्यात चुकामूक टाळा

जुलैत पन्हाळ्याहून पावनखिंडीकडे निघालात की पहिली परीक्षा मसाई पठारावर. धुकं उतरलं की दहा पावलांवरचा मित्र दिसत नाही, आणि सपाटीवर गुरांच्या वाटा चहूकडे फुटलेल्या. म्हणून हळू चालणाऱ्याला पुढे ठेवा, दमदार गडी मागे. दोघांच्याही गळ्यात शिट्टी हवीच. वाऱ्यात हाक पोचत नाही. चुकामूक झालीच तर शोधत फिरू नका, जागीच थांबून तीन-तीनदा शिट्टी वाजवा.

मुक्कामाचे कोरडे कपडे जाड प्लास्टिकच्या पिशवीत गाठ मारून ठेवा. चालताना ते घालायचा मोह होतो, पण मग रात्री काय घालणार? (रेनकोटचा फार भरवसा नको, तासाभरात आतून घामानं भिजतोच.) ओढ्याचं पाणी गढूळ होऊन गुडघ्याला लागलं, तर पाणी ओसरेपर्यंत अलीकडेच थांबा.