जपानमध्ये मिशनवर जाताना: पहिल्या १२ आठवड्यांत गप्प बसू नका

चर्च ऑफ जीझस क्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्सच्या (मॉर्मन चर्चच्या) मिशनचं, म्हणजे धर्मप्रचाराच्या सेवेचं, पत्र आलंय आणि त्यात जपानमधलं एखादं मिशन आहे, असं धरून हे लिहितोय. मुलांना २४ महिने, मुलींना १८. जोडीदाराला, म्हणजे बरोबर नेमलेल्या दुसऱ्या मिशनरीला, सोडून कुठे जायचं नाही. चहा, कॉफी, दारू, तंबाखू वर्ज्य. हे तुम्हाला पाठ आहे, पुन्हा सांगत नाही. अमेरिकेत, यूटामधल्या प्रोव्होच्या ट्रेनिंग सेंटरमध्ये जपानीचे सुमारे ९ आठवडे काढले की भाषा येते असं वाटायला लागतं. ती आलेली नसते. तिथले शिक्षक तुमच्या चुका सांभाळून घेतात, वाक्यं ओळखीची असतात आणि समोरच्याला तुमचं ऐकून घ्यायचंच असतं. नागोयातल्या एखाद्या इमारतीच्या इंटरकॉमवर यातलं काहीच नसतं. हे सगळ्यांचंच होतं, त्याने खचू नका. पण त्यानंतरचे १२ आठवडे, म्हणजे ट्रेनरबरोबरचे (शिकवायला नेमलेल्या अनुभवी जोडीदाराबरोबरचे) दिवस, कसे जातात यावर पुढचं बरंच ठरतं.

आधी कागदपत्रं उरकू, कारण तिथे चुकलं तर दंड आहे. तुमचा व्हिसा ‘धार्मिक कार्य’ या प्रकारातला. नारिता, हानेदा, कान्साई अशा मोठ्या विमानतळांवर उतरल्या उतरल्या रेसिडेन्स कार्ड मिळतं. ते कायम खिशात हवं. जवळ नसलं तर २ लाख येनपर्यंत दंड होऊ शकतो. घरात राहायला गेल्यापासून १४ दिवसांच्या आत तिथल्या महापालिकेच्या किंवा वॉर्डच्या कार्यालयात जाऊन पत्ता नोंदवायचा, तो कार्डाच्या मागे छापून मिळतो. इथवर मिशन ऑफिस सांभाळतं. घोळ होतो तो ट्रान्सफरमध्ये. दर ६ आठवड्यांनी बदलीची शक्यता, आणि शहर बदललं की दोन नोंदी लागतात: जुन्या शहरात ‘सोडतोय’ अशी आणि नव्या शहरात ‘आलोय’ अशी. जुन्या ठिकाणचा दाखला घेतल्याशिवाय निघालात तर नवं कार्यालय अडवतं, मग पोस्टाने मागवण्यात दिवस जातात आणि १४ दिवसांची मुदत टळायला येते. बदलीचा फोन आला की बॅग भरायच्या आधी कार्यालय गाठा. ती सोमवार ते शुक्रवार, साधारण साडेआठ ते सव्वापाच उघडी असतात. फॉर्म तुम्हीच भरा, ट्रेनरला भरू देऊ नका. पत्ता, जन्मतारीख, कारण, सही, एवढंच असतं, आणि खिडकीपलीकडचा माणूस दिवसभर हेच करत असल्यामुळे सावकाश बोलतो. बोलायच्या सरावाला इतकी सोपी जागा दुसरी सापडणार नाही.

दिवस सकाळी ६:३० ला सुरू होतो आणि १०:३० ला दिवे बंद. मधली आखणी मिशन लीडर थोडी पुढेमागे करतात. व्यायाम, न्याहारी, स्वतःचा अभ्यास, जोडीने अभ्यास, भाषेचा अभ्यास आणि मग बाहेर. नवीन माणसाला कोणी सांगत नाही ते असं की सकाळी १० ते दुपारी ४ या वेळात शहरी जपानमधली घरं बहुतांशी रिकामी असतात. दार उघडलंच तर आजी-आजोबा. खरी माणसं ५ ते ८ मध्ये भेटतात, आणि तीच त्यांची स्वयंपाकाची, जेवणाची, मुलांच्या आंघोळीची वेळ असते. म्हणून दुपारी दारं वाजवत फिरण्यापेक्षा दुपार ठरलेल्या भेटींना, चर्चच्या सभासदांना आणि स्टेशनबाहेर बोलण्याला द्या. संध्याकाळ ज्यांनी स्वतः ‘या’ म्हटलंय त्यांना. दिवसाला शंभर दारं वाजवण्याचा आकडा वहीत छान दिसतो. त्यापलीकडे त्याचा उपयोग मला तरी दिसत नाही.

लोक सावध का असतात हेही समजून घ्या. १९९५ साली ओम शिनरिक्यो पंथाने टोकियोच्या भुयारी रेल्वेत सारिन वायू सोडला. २०२२ च्या जुलैत माजी पंतप्रधान शिंझो आबे यांची हत्या झाली; मारेकऱ्याचा राग युनिफिकेशन चर्च या पंथावर होता, आणि त्या पंथाच्या देणग्यांचा प्रश्न देशभर पेटला. त्याच वर्षी डिसेंबरात फसव्या पद्धतीने देणग्या मागण्याविरुद्ध कायदाही आला. तुमच्या छातीवरचा काळा बिल्ला पाहून एखादी बाई दार लावून घेते तेव्हा तिच्या डोक्यात हे सगळं असतं, तुम्ही नसता. ‘जा’ म्हटलं की त्या क्षणी निघायचं. सांगूनही न जाणं हा तिथल्या फौजदारी कायद्यात गुन्हा आहे. दारावर प्रचाराला मनाई असल्याची पाटी असेल तर घंटा वाजवूच नका. १८ वर्षांखालच्या मुलाशी त्याच्या आईवडिलांना अंधारात ठेवून धर्माचं बोलणं तर मुळीच नको.

आता मुख्य गोष्ट. पहिल्या आठवड्यात इंटरकॉमवर ट्रेनर बोलतो, तुम्ही बाजूला हसत उभे राहता. ठीक आहे. दुसऱ्या आठवड्यातही तेच. ट्रेनरचा हेतू चांगला असतो, ऐकायला तयार झालेला माणूस नवशिक्याच्या अडखळण्यामुळे हातचा जाऊ नये असं त्याला वाटतं. तुम्हालाही वाटतं की मोठ्याच्या मध्ये बोलू नये. आपल्या घरांतून हे वळण पक्कं असतं, आणि जपानमध्येही ते शोभून दिसतं, म्हणून कोणी टोकत नाही. दिवस मात्र निघून जातात. ऐकणारा माणूस मिनिटभरात ठरवतो की दोघांपैकी कोणाशी बोलणं सोपं आहे; एकदा त्याची नजर ट्रेनरकडे वळली की त्या भेटीत ती तुमच्याकडे परत येत नाही. पुढच्या भेटीत तो तुमच्याकडे पाहतही नाही. ६ आठवडे असे गेले की त्या भागातल्या प्रत्येक घरात तुमची ओळख ‘न बोलणारा’ अशी होते. मग १२ आठवडे संपतात, ट्रेनरची बदली होते, आणि तो भाग तुमच्या गळ्यात पडतो. तीच माणसं, तेच फोन, आणि शेजारी कदाचित तुमच्याहूनही नवा कोणी. भाषा येत नाही म्हणून हा पेच पडत नाही. भाषा जेमतेम येत असतानाही ती वापरायची वेळ रोज दुसऱ्याला देऊन टाकल्याने पडतो.

यावर उपाय आहे, आणि तो पहिल्याच आठवड्याच्या नियोजनात ठरवून घ्यावा लागतो. घंटा वाटून घ्या: एक तुमची, एक त्याची, जाईल तसं. आपल्या घंटेवर पहिली तीन वाक्यं आपलीच: नाव, चर्चचं पूर्ण नाव, कशासाठी आलो. मात्सुजित्सु सेइतो इएसु किरिसुतो क्योकाई हे न अडखळता म्हणता यायला हवं, कारण नावावर अडखळलेला माणूस संशयास्पद वाटतो. इंटरकॉमवर जेमतेम १० सेकंद मिळतात आणि हातवारे चालत नाहीत. म्हणून वाक्यं छोटी ठेवा आणि शेवटचा शब्द गिळू नका, जपानीत होकार-नकार तिथेच असतो. तुम्ही अडलात तर ट्रेनरने मनात दहापर्यंत मोजायचं आणि मगच तोंड उघडायचं. हा करार त्याच्याकडून स्पष्ट शब्दांत घ्या. शिकवणीत आधीच वाटणी करा. २५ मिनिटांच्या भेटीत तीन मुद्दे असतील तर एक मुद्दा, सुरुवातीची प्रार्थना आणि शेवटचं निमंत्रण तुमच्याकडे. निमंत्रण सोडू नका. ‘रविवारी सभेला याल का’ हा प्रश्न ज्याने विचारला त्याच्याकडेच समोरचा बघतो. भेट नक्की करायचे फोन निम्मे तुम्ही करा. फोनवर चेहरा दिसत नाही म्हणून ते सगळ्यात अवघड, आणि म्हणूनच सगळ्यात कामाचे. रस्ता चुकलात तर नकाशा न उघडता कोपऱ्यावरच्या पोलीस चौकीत विचारा.

रात्री आखणीच्या वेळी वहीत फक्त पाच वाक्यं लिहा, आज म्हणायची होती पण आली नाहीत ती. दुसऱ्या दिवशीचा भाषेचा तास त्याच पाचांवर घालवा. रोज तीस कांजी (जपानीतली चिनी चित्राक्षरं) पाठ करण्याची हौस पहिल्या तीन महिन्यांत नको, ती महिनाभरात मावळते आणि मागे अपराधी भावना तेवढी ठेवते. हिरागाना आणि काताकाना या दोन उच्चारलिपी मात्र, प्रत्येकी ४६ अक्षरं, विमानात बसायच्या आधी यायला हवीत. रोमन लिपीत लिहिलेली जपानी हा सगळ्यात वाईट शॉर्टकट; तो धरला तर पाटीही वाचता येत नाही आणि उच्चारही इंग्रजी वळणाचे होतात. फोनवरचं भाषांतर शब्द शोधायला वापरा, माणसासमोर वाक्य बोलायला नाही. एक गोष्ट तुमच्या बाजूची आहे: क्रियापद शेवटी, नामाला मागून प्रत्यय, ही जपानीची घडण मराठीसारखीच आहे. इंग्रजीतून वाक्य जुळवू नका, मराठीतून जुळवा. अमेरिकन जोडीदाराला जी वाक्यरचना महिनोन्‌महिने छळते ती तुम्हाला फार लवकर हाती लागेल.

दोन जागा अशा आहेत जिथे गप्प राहण्याची सवय चोरपावलांनी परत येते. एक म्हणजे मोफत इंग्रजी वर्ग, जो जपानमध्ये मिशनरी आठवड्यातून एकदा घेतात. तिथे तुमचं इंग्रजी चालतं, कौतुक होतं, आणि संध्याकाळ जपानीविना सरते. सूचना तरी जपानीत द्या. दुसरी जागा आपली माणसं. टोकियोत निशी-कसाई भागात भारतीय पुष्कळ, त्यांत मराठीही. तिथे नेमणूक झाली तर कोणी ना कोणी पोहे खायला बोलावेल. जा, मनापासून खा, पण दर आठवड्याला जायला लागलात तर कशापासून पळतोय हे स्वतःला विचारा.

ट्रेनरबद्दल माझं मत थोडं वेगळं आहे. फार अस्खलित बोलणारा ट्रेनर मिळाला की सगळे नशीब काढलं म्हणतात. मला सहा-आठ महिने झालेला ट्रेनर बरा वाटतो; न येण्याची भीती त्याला अजून आठवत असते, आणि तोही अडतो हे तुम्हाला दिसतं. फार चांगला बोलणारा वाट्याला आला तर दहा मोजण्याचा करार दुप्पट कडक करा.

जेवणाचं सांगायचं तर ग्रीन टी, ऊलोंग, होजिचा, माच्चा हे सगळे चहाच, त्यामुळे चालत नाहीत. जवाचा मुगिचा चालतो आणि उन्हाळ्यात घरोघरी तोच असतो. कोणी ग्रीन टी पुढे केला तर कारणांची माळ न लावता ‘पाणी चालेल’ म्हणा. शाकाहारी घरातून येणाऱ्यांनो, मिसो सूप आणि जवळजवळ प्रत्येक रश्श्यात दाशी असते, म्हणजे बहुधा माशाचं पाणी. हे चालणार नसेल तर अर्ज भरतानाच लिहा आणि स्वयंपाक शिकून जा: कुकरमध्ये तीन माप तांदूळ दोघांना दिवसभर पुरतो (एक माप १८० मिली). तूरडाळ, हिंग, मोहरी टोकियोच्या शिन-ओकुबोत मिळते. महिन्याच्या पहिल्या रविवारचा उपास साबुदाण्याचा नाही, दोन जेवणं आणि पाणीही नाही. ऑगस्टमध्ये सायकलवर चक्कर आली तर मात्र पाणी प्या, त्याने काही बिघडत नाही. भत्ता महिन्याचा महिन्याला कार्डावर येतो आणि तिसऱ्या आठवड्यात संपतो, तो बहुधा व्हेंडिंग मशीनच्या बाटल्यांवर. एक लिटरची बाटली घरून भरून न्या.

सायकलवर हेल्मेट, रात्री दिवा. छत्री धरून किंवा शेजारी-शेजारी चालवायची नाही, आणि फोन हातात घेऊन तर नाहीच. नोव्हेंबर २०२४ पासून त्यावर १ लाख येन दंड किंवा सहा महिने कैदेपर्यंत मजल जाते. जून-जुलैच्या पावसासाठी पँट-जॅकेटचा रेनसूट घ्या. स्टेशनबाहेर कुठेही लावलेली सायकल उचलून नेतात. बूट दोन जोड नेऊनच जा, २८ सेंटिमीटरच्या पुढचं माप दुकानात क्वचित मिळतं. घरोघरी काढायचे असतात म्हणून पटकन निघणारे हवेत. फुतोन (जमिनीवर अंथरायची गादी) रोज घडी करून वाळवा, नाहीतर पावसाळ्यात खालून बुरशी धरते. होक्काइडोत हिवाळ्यात बाहेरगावी जाताना नळातलं पाणी उतरवून ठेवायचं, कसं ते घरमालकाला पहिल्याच दिवशी विचारा. कचरा ठरल्या वारी, ठरल्या पिशवीत, सकाळी ठरल्या वेळेआधी. शेजारी मिशनऱ्यांना बहुतेक वेळा कचऱ्यावरूनच ओळखतात.

पी-डे, म्हणजे आठवड्यातला तयारीचा, स्वतःच्या कामांचा दिवस, बहुधा सोमवारी, संध्याकाळी ६ पर्यंत. जपानमधली बहुतेक संग्रहालयं सोमवारीच बंद असतात, तेव्हा किल्ले आणि बागा बघा. फेब्रुवारी २०१९ पासून घरी दर आठवड्याला फोन किंवा व्हिडिओ कॉल करता येतो. जपान साडेतीन तास पुढे, म्हणजे तुमच्या दुपारी १२ ला घरी सकाळचे साडेआठ. आईला फक्त चांगलं चांगलं सांगू नका, आणि फक्त रडगाणंही नको.

पहिल्या ६ आठवड्यांत घरची आठवण येणं, रात्री उगीच रडू येणं, आपण इथे निरुपयोगी आहोत असं वाटणं हे नेहमीचं आहे, बहुतेकांचं ते हळूहळू उतरतं. पण झोप उडाली, जेवण जात नाही, जोडीदाराशीही बोलवत नाही असं दोन आठवडे चाललं, तर ते श्रद्धा कमी असल्याचं लक्षण समजून लपवू नका. मिशन लीडरला सांगा, डॉक्टर आणि समुपदेशक मिळवून देण्याची सोय असते. काही जणांना लवकर घरी परतावं लागतं, त्यात पाप नाही. आणि जगणंच नको असे विचार येत असतील तर पी-डेची वाट पाहू नका, त्याच रात्री जोडीदाराला उठवा आणि फोन लावा. १०:३० चा नियम त्याला लागू नाही.